‘जरा टाईट करून द्या’ म्हणण्याआधी : पिकअपच्या ऑफ-रोड शॉकविषयी आमच्या ग्राहकांसाठी

गाडी बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडून आलेली असो की निपाणी-चिक्कोडीकडून, शॉकच्या (शॉक अब्सॉर्बरच्या) कामाला आलेल्या मालकांचे पहिले वाक्य बहुधा एकच असते. “मागून लई आदळतंय, जरा टाईट करून द्या की.” हे पत्रक त्या एका शब्दासाठी छापले आहे. टाईट केले की आदळणे थांबेलच असे नाही. पुष्कळदा टाईट केल्यामुळेच गाडी आदळत असते. हे प्रत्येकाला गाडीखाली उभे करून समजावताना आमचा वेळ जातो आणि तुमची खेप बुडते, म्हणून एकदा घरी निवांत वाचा.

शॉक काय काम करतो हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी एक गोष्ट पक्की धरा : वजन पाटे (लीफ स्प्रिंग) पेलतात, शॉक नाही. हौद्यात माल भरल्यावर गाडी मागे बसत असेल तर दोष पाट्यांचा आहे. पाटा थकला असेल, एखादा तुटला असेल, नाहीतर तुम्ही भरता त्या वजनाला पाटे कमी पडत असतील. तिथे कितीही महागाचा शॉक लावला तरी गाडी उचलली जाणार नाही. पाटा दबला आणि सुटला की तो उसळी मारतो. ती उसळी आवरायची आणि तिची उष्णता करून हवेत सोडायची, एवढेच शॉकचे काम. म्हणून शॉकची चौकशी करायला आलात तरी आम्ही आधी पाटे, शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारी कडी) आणि बुश (सांध्यातले रबर) बघतो. त्यात पैसे काढायचा हेतू नसतो. पाट्याचे दुखणे शॉकने झाकले तर तुम्ही महिन्याभरात परत येणार, हे आम्हाला अनुभवाने कळले आहे.

एक गाडी, एक केबल-टाय

गेल्या दिवाळीनंतर जांबोटी भागातली एक डबल-केबिन पिकअप आली. मागे नॉबवाले (अडथळा कमी-जास्त करता येणारे) मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचे, शॉक होते, दुसरीकडे बसवून घेतलेले. गाडी आदळली की मालक नॉब दोन क्लिक, म्हणजे दोन खाचा, आवळायचे. पुन्हा आदळली की आणखी दोन. आमच्याकडे आली तेव्हा दोन्ही बाजूंचे रिबाउंड, म्हणजे शॉक उलगडताना होणारा अडथळा, शेवटपर्यंत आवळलेले होते आणि त्यांना याहून कडक शॉक हवे होते.

आम्ही शॉकच्या उघड्या दांड्यावर, सीलला टेकवून, एक पांढरी केबल-टाय बांधली. शॉक जितका दबेल तितकी ती दांड्यावर सरकते आणि तिथेच राहते. गाडी त्यांनाच चालवायला लावली. मुरमाचा रस्ता, पत्र्यासारख्या वळ्या उठलेला, सुमारे २ किलोमीटर. परत येऊन पाहिले तर टाय दांड्याच्या पार टोकाला गेली होती आणि बंप रबरावर (पाटा पूर्ण दबला की जिथे टेकतो त्या रबरावर) ताजा घासल्याचा डाग होता. मालक म्हणाले, “बघा, मऊच आहे की नाही?”

आम्ही रिबाउंड ८ क्लिक सैल केले. बाकी कशाला हात लावला नाही. तोच रस्ता, तोच वेग, हौद्यात तोच माल. या वेळी टाय टोकापासून दोन बोटे अलीकडे थांबली. मालक वाकून बराच वेळ तो दांडा बघत राहिले. नवे शॉक त्या दिवशी विकले गेले नाहीत, आणि त्याचे आम्हाला वाईट वाटले नाही.

असे का झाले ते सांगतो. वळ्यांच्या रस्त्यावर एकामागून एक उंचवटे झटपट येतात. चाक वर ढकलले जाते, पाटा दबतो. पुढचा उंचवटा यायच्या आत चाकाने पुन्हा खाली पोचायला हवे. रिबाउंड फार कडक असेल तर चाक पूर्ण खाली येतच नाही. पुढचा उंचवटा त्याला तिथूनच वर ढकलतो. दर वळीला थोडी थोडी जागा कमी होते आणि दहा-बारा वळ्यांनंतर गाडी स्वतःच्या रबरावर येऊन बसते. मग साधा खड्डा आला तरी लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज येतो. चालवणाऱ्याला वाटते शॉक मऊ आहे, म्हणून तो आणखी आवळतो.

तेव्हा आदळणे कसे आहे ते नीट आठवून सांगा. गाडी एकाच मोठ्या खड्ड्यात आदळते का? तसे असेल तर कम्प्रेशन, म्हणजे दबतानाचा अडथळा, कमी आहे, किंवा पाटे कमजोर आहेत. की वळ्यांवरून, दगडांच्या रांगेवरून बराच वेळ गेल्यावर मग आदळू लागते? तसे असेल तर रिबाउंड सैल करून बघायचे. आणि स्पीडब्रेकर ओलांडल्यावर मागचा भाग दोन-तीन उड्या मारून मग थांबत असेल, तर मात्र तुमचे म्हणणे खरे आहे, रिबाउंड थोडे आवळायला हवे. बरोबर सेटिंगवर गाडी एकदा उठते, खाली येते आणि थांबते. बारीक खडीवरही स्टिअरिंगला झटके जाणवत असतील तर आधी टायरची हवा मोजा, मग कम्प्रेशनकडे वळा. रस्त्याचा पहिला धक्का टायर खातो, शॉकची पाळी त्यानंतर येते.

माल नेताना आणि रिकामे येताना

आपल्या भागातली खरी अडचण ही आहे. रात्री भाजी भरून चोर्ला घाटातून गोव्याला जायचे आणि सकाळी रिकामा हौदा घेऊन परत यायचे. खानापूरकडच्या विटा नेणाऱ्यांचे तेच आणि उसाच्या पाणंदीतून खतांची पोती नेणाऱ्यांचेही तेच. भरलेल्या गाडीला बरोबर बसणारे सेटिंग रिकाम्या गाडीला कडक होते, आणि रिकाम्याला बसणारे सेटिंग घाटाच्या वळणावर भरलेल्या गाडीला डोलवते.

आणि तरीही बहुतेक जण सेटिंगला गाडी धुऊन, हौदा रिकामा करून आणतात! तुम्ही आमचा मान राखता हे कळते, पण रिकाम्या गाडीवर केलेले सेटिंग दुसऱ्या दिवशी माल भरला की निरुपयोगी होते. तुम्ही चिडून परत येता आणि आम्हाला सगळे काम पुन्हा करावे लागते. आमचा सर्वांत जास्त वेळ यातच जातो. म्हणून हात जोडून विनंती : रोज जेवढे वजन नेता तेवढे भरून आणा. माल आणणे शक्य नसेल तर तेवढ्या वजनाची वाळूची पोती आणा. पोती उतरवून आम्ही रिकाम्या गाडीचेही सेटिंग काढतो आणि दोन्ही आकडे लिहून देतो. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीत साधारण ३-४ क्लिकचा फरक येतो आणि तो नॉब तुम्हाला स्वतः फिरवता येतो.

फिरवायचा कसा? क्लिक नेहमी पूर्ण बंद स्थितीपासून मोजायचे. नॉब हलक्या हाताने घड्याळाच्या दिशेने फिरवत नेऊन जिथे थांबेल तिथे थांबवा. पकड किंवा पाना लावून आवळू नका, आतल्या सुईची बैठक खराब होते. तिथून उलटे मोजत या. एका वेळी २ क्लिक, एका वेळी एकच गोष्ट, आणि दर वेळी तोच रस्ता. डावीकडे आणि उजवीकडे आकडा सारखाच ठेवा.

नॉबने सगळे होत नाही हेही खरे. नॉब मुख्यतः दांड्याच्या संथ हालचालीवर काम करतो : वळणावरचे झुकणे, ब्रेक दाबल्यावर पुढे खचणे. खड्ड्याचा जोरदार मार आतल्या पिस्टनवरच्या पातळ स्टीलच्या चकत्या झेलतात. या चकत्या ०.१ ते ०.३ मिलिमीटर जाडीच्या असतात. त्यांची रास तुमच्या वजनाला चुकीची असेल तर शॉक उघडून ती बदलावी लागते. या कामाची मजुरी आम्ही वेगळी घेतो आणि गाडी एक दिवस ठेवून घेतो. तेल, सील आणि नायट्रोजन पुन्हा भरायला तेवढा वेळ लागतोच.

कोणता घ्यावा

उसाच्या वाटा, काळ्या मातीचा चिखल, कमी वेग आणि जास्त वजन असेल तर चांगला, जाड दांड्याचा ट्विन-ट्यूब शॉक पुरेसा आहे. त्याला आत एक आणि बाहेर एक अशा दोन नळ्या असतात. दगड लागून बाहेरच्या नळीला पोचा पडला तरी पिस्टन आतल्या नळीत मोकळा चालतो. मोनोट्यूबमध्ये पिस्टन थेट बाहेरच्या नळीतच फिरतो, त्यामुळे खोल पोचा पडला की तो अडकतो. पण मोनोट्यूब लवकर थंड होतो, आणि तेल व नायट्रोजन वेगवेगळे ठेवलेले असल्याने तेलाला फेस येत नाही. तासन्‌तास कच्च्या रस्त्यावर वेगाने जाणाऱ्यांना, घाट-जंगलाकडच्या होमस्टेवाल्यांना आणि हायलक्स, डी-मॅक्ससारख्या पिकअप घेऊन दूरवर जाणाऱ्यांना आम्ही ४६ मिलिमीटर पिस्टनचा मोनोट्यूब सुचवतो. वेगळी टाकी जोडलेला शॉक मोलाचा आहे, त्यात तेल जास्त मावते आणि ते लवकर निवते. पण आठवड्यातून एकदा शेतावर जाणाऱ्याला तो आम्ही आग्रह करून विकत नाही.

गाडी उचलली असेल किंवा उचलणार असाल तर आधी सांगा. ५० मिलिमीटर उचललेल्या गाडीला जुन्या लांबीचा शॉक लावला की चाक खाली लटकताना सगळा ताण शॉकवर येतो आणि बैठक तुटते. उलट, लांब शॉक न मोजता घातला की बंप रबर टेकायच्या आधीच शॉक आतून आपटतो. म्हणून आम्ही चाक पूर्ण लटकवून आणि पूर्ण दाबून, बुश ते बुश दोन्ही मापे घेतल्याशिवाय शॉक देत नाही. नुसते गाडीचे नाव सांगून पार्सल मागणाऱ्यांना याचा राग येतो, पण माप न घेता दिलेला शॉक परत येतो हे आम्ही पाहिले आहे. ब्रेकच्या नळीची लांबीही तेव्हाच बघून घेतो. गाडीची मूळ रचना बदलण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत, म्हणून गाडी फार उचलून द्या असा हट्ट आमच्याकडे धरू नका.

काही जण शॉक नेऊन घरी बसवतात. त्याला हरकत नाही. फक्त बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू नका. गाडी चारही चाकांवर उभी करून मगच आवळा, नाहीतर रबर पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. पुढच्या कॉईल स्प्रिंगवाल्या शॉकला मात्र घरी हात लावू नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. मोनोट्यूबजवळ वेल्डिंगही करू नका, आत दाबाखालचा गॅस असतो.

दांड्यावर तेलाचा पुसटसा थर दिसला म्हणून घाबरून येऊ नका, सील ओले राहायला तो लागतोच. तेल नळीवरून ओघळून खाली धूळ चिकटू लागली तर मात्र या. आमचे शॉक उघडता येतात, फेकून द्यावे लागत नाहीत. बेळगावात हायड्रॉलिक सिलिंडर बनवणारे आणि दांड्यांना हार्ड क्रोम (क्रोमचा कडक मुलामा) करणारे कारागीर आहेत, त्यामुळे दांडा खरवडला तरी दुरुस्तीला तो दूर पाठवायची गरज पडत नाही. पावसाळा संपला की एकदा पाट्यांमधला लाल चिखलही धुऊन घ्या. गंजलेले, चिखलाने धरलेले पाटे स्वतःच अडथळा करतात आणि शॉकचे सेटिंग चुकवतात.

आमच्याकडून घेतलेल्या शॉकचे एक फेरसेटिंग पहिल्या १००० किलोमीटरांत मोफत आहे. येताना टायरची हवा नेहमीसारखी ठेवा, माल भरलेला असू द्या, आणि जो माणूस रोज गाडी चालवतो त्यालाच पाठवा. मालक आले आणि ड्रायव्हर घरी राहिला तर गाडी नेमकी कुठे आदळते हे सांगणारे कोणी नसते. काम झाल्यावर पुढच्या आणि मागच्या क्लिकचे आकडे, भरलेल्या गाडीचे आणि रिकाम्या गाडीचे, एका स्टिकरवर लिहून आम्ही ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवतो. पावसात तो निघाला तरी काळजी नको, आमच्या वहीत गाडीच्या नंबराखाली तेच आकडे लिहिलेले असतात.