पशुधनातील संसर्गजन्य रोगांचे निदान

गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, डुकरे, कोंबड्या यांना जडलेला रोग कोणत्या जंतूमुळे झाला, हे लक्षणे, शवविच्छेदन व प्रयोगशाळेतील तपासणी यांवरून ठरवणे. येथे रुग्ण बहुधा एक जनावर नसून सगळा कळप असतो. म्हणून किती जनावरे आजारी पडली, कोणत्या वयाची, बाहेरून नवे जनावर कधी आले, लस कधी टोचली, ही चौकशी ताप मोजण्याइतकीच मोलाची ठरते.

लक्षणे दिशा दाखवतात, पण फसवतातही. तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात फोड दिसले की लाळ्या-खुरकुताची शंका येते. डुकरांत मात्र हुबेहूब तसेच फोड इतर विषाणूंमुळेही येतात. अशा वेळी फोडावरची कातडी किंवा त्यातील द्रव तपासावाच लागतो. लाळ्या-खुरकुताचा विषाणू आम्लात लवकर मरतो, त्यामुळे नमुना आम्लता न वाढू देणाऱ्या द्रावणात, थंड ठेवून पाठवतात. नमुनाच बिघडला तर उत्तमातले उत्तम यंत्रही काही सांगू शकत नाही.

काळपुळीची (अँथ्रॅक्सची) गोष्ट वेगळी. जनावर अचानक मेले आणि नाकातोंडातून न गोठणारे रक्त वाहत असेल, तर शव मुळीच उघडू नये. हवा लागली की जंतूंचे बीजाणू (कठीण कवचाची सुप्त रूपे) बनतात व ते मातीत अनेक दशके टिकतात. शिवाय हा रोग माणसालाही होतो. कानाच्या शिरेतील रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून पॉलिक्रोम मेथिलीन ब्लूने रंगवला, की निळ्या दंडाणूंभोवती (काडीसारख्या जंतूंभोवती) गुलाबी आवरण दिसते. रोग विशिष्ट जंतूमुळे होतो हे रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये याच दंडाणूवर दाखवले.

प्रयोगशाळेतील पीसीआर ही चाचणी जंतूचा जनुकीय अंश शोधते. एलायझा ही चाचणी बहुधा रक्तजलातील प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने, शोधते, पण ही प्रतिपिंडे जुन्या संसर्गाची किंवा लशीचीही असू शकतात. म्हणून २-३ आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने घेतात. प्रतिपिंडांचे प्रमाण चौपट वा अधिक वाढले असेल तर संसर्ग ताजा मानतात.

गाईंच्या क्षयाच्या निदानासाठी ट्यूबरक्युलिन (क्षयाच्या जंतूंपासून काढलेली प्रथिने) त्वचेत टोचून ७२ तासांनी सूज मोजतात. नुकताच संसर्ग झालेली किंवा रोगाने पार खंगलेली गाय या चाचणीतून निसटू शकते. लगेच पुन्हा टोचल्यास प्रतिक्रिया मंदावते, म्हणून फेरतपासणीआधी काही आठवडे जाऊ द्यावे लागतात. तोवर संशयित गाय कळपापासून वेगळी बांधतात.