कुत्र्याच्या खाजेवर जळकं ऑइल नको

कुत्र्याला खाज सुटली की गॅरेजमधलं जळकं ऑइल चोपडा, हा सल्ला ठाण्यात अजूनही सर्रास मिळतो. किडे गुदमरतात म्हणे! कुत्रा ते चाटतो, विष पोटात जातं, खाजेचं कारण तसंच राहतं.

आधी खाज कुठे आहे ते पाहा. शेपटीच्या बुडाशी असेल तर बारीक दातांची फणी फिरवा आणि निघालेले काळे कण ओल्या टिश्यूवर ठेवा. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. मग घरातल्या सगळ्याच प्राण्यांना औषध हवं. मांजराला मात्र कुत्र्याचं कधीच नाही, जिवावर बेततं.

कानाच्या कडा, कोपरं खाजवत असेल तर खरजेची शंका. डॉक्टर कातडी खरवडून तपासतात, पण किडा सापडला नाही म्हणून खरूज नाहीच, असं नसतं.

पावसाळ्यात बोटांमधला आंबूस वास बहुधा यीस्ट या बुरशीचा. क्लोरहेक्सिडीन-मायकोनाझोल शाम्पू लावून 10 मिनिटं थांबा, धुवा, पंजे कोरडे पुसा.