बोअर मारलेली गाडी घरी नेण्याआधी

इंजिनाचं काम करून गाडी ताब्यात देताना आम्हाला रोज एकच प्रश्न येतो: "आता किती हळू चालवू?" उत्तर आम्ही तोंडी सांगतोच. पण गाडी परत हातात आल्याच्या आनंदात त्यातलं अर्धं ऐकलं जातं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तीच गाडी निळा धूर मारत दारात उभी राहते. म्हणून हे छापून देतो आहोत. बोअर म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, बोअर मारणं म्हणजे ती झिजल्यावर आतून कापून पुन्हा सारखी करणं, आणि रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या. बोअर, पिस्टन आणि रिंगांचं काम झालेल्या चार-स्ट्रोक मोटरसायकलींसाठी हे आहे. शोरूममधून कोरी गाडी आणली असेल तर कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं आधी पाळा, वॉरंटी त्यावर असते.

हळू चालवणं आणि जपून चालवणं

आमच्याकडे परत येणाऱ्या गाड्यांत जोरात पिळलेल्या थोड्या असतात. फार जपलेल्या जास्त असतात. "नवं काम आहे, त्रास नको" म्हणून माणूस टॉप गिअर टाकतो, तीसच्या वर काटा जाऊ देत नाही, आणि सकाळी गाडी साइड स्टँडवर लावून दहा-पंधरा मिनिटं नुसती चालू ठेवतो, "सेट व्हायला". या तिन्ही गोष्टी नव्या बोअरला मारक आहेत. या पत्रकातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

कारण असं. बोअर मारून झाला की आम्ही त्यात होनिंगचे दगड फिरवतो. त्यानं बोअरच्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या बारीक रेघा उमटतात. रेघांच्या खाचांत ऑइल धरून राहतं आणि मधल्या उंचवट्यांवर रिंग घासते. रिंग आणि भिंत एकमेकींना अगदी थोडं झिजवतात आणि जुळतात. यालाच आपण इंजिन बसणं म्हणतो. हे जुळणं मुख्यतः सुरुवातीलाच होतं, कारण उंचवटे एकदा गेले की घासायला काही उरत नाही.

आता रिंग भिंतीला दाबून कशी राहते? तिचा स्वतःचा ताण थोडा असतो. खरा दाब येतो तो पेट्रोल पेटल्यावर. तो गॅस रिंगेच्या मागच्या फटीत शिरतो आणि तिला बाहेर, भिंतीकडे ढकलतो. ॲक्सिलरेटरची मूठ जेमतेम उघडी असेल तर हा दाब येतच नाही. रिंग भिंतीवरून अलगद सरकत राहते, ऑइल वर चढतं, तिथे जळतं आणि रेघांमध्ये त्याचा कडक थर बसतो. भिंत काचेसारखी गुळगुळीत होते. मग कितीही किलोमीटर चालवा, रिंगा बसत नाहीत.

असा एक बोअर आम्हाला विसरता येत नाही. गृहस्थ अतिशय काळजीचे. टाकी रोज पुसलेली, चेनला वेळच्या वेळी ऑइल, आणि बोअर मारल्यापासून सातशे किलोमीटर त्यांनी चाळिशी ओलांडली नव्हती. धूर थांबेना म्हणून आले. ब्लॉक, म्हणजे बोअर असलेला इंजिनाचा भाग, काढून उजेडात धरला तर आम्ही मारलेल्या रेघा जागोजाग गायब, आणि वरच्या बाजूला तपकिरी झाक असलेली चकाकी. आतून नख फिरवलं तर कुठेही अडेना. पिस्टन चांगला होता, माप चांगलं होतं. तरीही सगळं पुन्हा उघडावं लागलं, पुन्हा होनिंग, पुन्हा नव्या रिंगा, नवं पॅकिंग. त्यांची गाडी चार दिवस अडकली. त्यांना वाईट वाटलं आणि आम्हालाही, कारण गाडी देताना आम्ही फक्त "सांभाळून चालवा" एवढंच म्हणालो होतो. आता तसं म्हणत नाही.

मग चालवायची कशी

चालू केल्यावर अर्ध्या-एक मिनिटात निघा. उभ्या गाडीला हवा लागत नाही, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला ती हवाच लागते. पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या हातानं जा, म्हणजे ऑइल आणि पिस्टन सारखे तापतील. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या लायनरपेक्षा (बोअरच्या नळीपेक्षा) जवळजवळ दुप्पट फुगतो, आणि दोघांमधली जागा केसाच्या जाडीहूनही कमी असते. थंड गाडीला एकदम पिळलं की ती जागाच संपते.

गाडी तापली की मग खरं काम. तिसरा गिअर टाका, पंचवीसच्या आसपास या, मूठ अर्ध्यापर्यंत ठामपणे उघडा आणि गाडीला पंचेचाळीसपर्यंत ओढू द्या. मग मूठ पूर्ण सोडा आणि गाडी गिअरमध्येच आपोआप मंदावू द्या. हे आकडे शंभर ते दीडशे सीसीच्या गाड्यांचे आहेत, मोठ्या गाडीला गिअर आणि वेग तिच्या मानानं घ्या. उघडताना दाब येऊन रिंग भिंतीला बसते. सोडताना सिलिंडरमध्ये ओढ तयार होते, थोडं ऑइल वर येतं आणि भिंत ओली राहते. मोकळा रस्ता बघून हे आठ-दहा वेळा करा, मग थोडा वेळ साधी चालवा, मग पुन्हा करा.

वेग सारखा बदलता ठेवा. लांबच्या सरळ रस्त्यावर तासभर एकाच काट्यावर जाणं पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये टाळा, मग तो काटा चाळीसवर असो की सत्तरवर. पहिल्या शंभरात मागे माणूस बसवून मोठा चढ चढू नका. टॉप गिअरमध्ये इंजिन हुंदके द्यायला लागलं तर लगेच एक गिअर खाली या. पाचशेनंतर हळूहळू वाढवत जा, हजारनंतर मोकळी चालवा.

चालता चालता गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी झाली, ताकद एकदम गेली, आवाज कोरडा झाला, तर त्याच क्षणी क्लच दाबा आणि बाजूला घ्या. इंजिन बंद करा. पाणी ओतू नका, लगेच किकही मारू नका. अर्धा तास थंड होऊ द्या, ऑइल बघा आणि आम्हाला फोन करा. क्लच वेळेवर दाबला तर बहुतेक वेळा पिस्टन वाचतो.

ऑइलबद्दल थोडं

गाडी देताना आम्ही साधं मिनरल ऑइल भरतो, आणि पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत दर बदलीला त्याच प्रकारचं भरतो. "महागातलं सिंथेटिक टाका, पैसे देतो" असं पुष्कळ जण प्रेमानं सांगतात. सिंथेटिक ऑइल वाईट मुळीच नाही, पण घर्षण कमी करण्यात ते पुढे असतं, आणि आपल्याला इथे थोडं घर्षण हवं आहे. काही कंपन्या नव्या गाडीत पहिल्या दिवसापासून सिंथेटिक घालतात हे खरं आहे, पण कारखान्यात बोअरचं फिनिशिंग वेगळ्या पद्धतीनं केलेलं असतं. हजारनंतर हवं ते टाका, फक्त डब्यावर जासो एमए (JASO MA, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघून घ्या. मोटारीसाठीच्या काही ऑइलमध्ये क्लच प्लेटा सरकतात, कारण बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो.

पहिलं ऑइल आम्ही शंभर किलोमीटरला काढतो. "एवढं स्वच्छ ऑइल फेकता?" असं विचारणाऱ्यांना ते ट्रेमध्ये उन्हात धरून दाखवतो. वरून सोनेरी दिसतं, पण ट्रे हलवला की आत चंदेरी लाट फिरते. बोटांवर घेऊन चोळलं तर खरखर लागत नाही, फक्त बोट चमकतं. ती रिंगांची आणि बोअरची झीज असते. ती व्हायलाच हवी, पण बेअरिंगांमधून फिरत राहायला नको. दुसरं ऑइल पाचशेला काढतो, त्यात चमक फार कमी दिसते, आणि तिसरं हजारला.

पहिली काही मिनिटं थोडा धूर दिसला तर घाबरू नका. जोडणी करताना लावलेलं ऑइल जळत असतं. पाचशेनंतरही सकाळी किंवा मूठ उघडल्यावर निळा धूर असेल तर वाट न बघता या. सुरुवातीला दर दोनशे किलोमीटरला ऑइलची पातळी बघत चला, गाडी सरळ उभी करून.

आम्ही काय करतो आणि का

"फक्त रिंगा टाकून द्या" अशी मागणी असते. बोअर लांबट गोल झाला असेल तर नव्या रिंगा त्यात बसूच शकत नाहीत. म्हणून आम्ही आधी बोअर वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजतो, आणि माप सांगूनच काम ठरवतो. झीज मापात असेल तर होनिंग करून रिंगांवर काम भागतं आणि आम्ही तेवढंच करतो. नसेल तर पाव मिलिमीटर मोठा पिस्टन, पुढच्या वेळी अर्धा, असं वाढत जातं, बहुतेक गाड्यांना एक मिलिमीटरपर्यंत. बोअरला आतून कठीण लेप दिलेल्या गाड्यांना बोअर मारता येत नाही, त्यांचा ब्लॉक बदलावा लागतो. ते आम्ही उघडल्यावर लगेच सांगतो.

आम्हाला एक दिवस जास्त लागतो तो धुण्यासाठी. होनिंगनंतर बोअर गरम पाण्यानं आणि साबणानं घासतो आणि पांढरं फडकं आत फिरवतो. फडकं स्वच्छ येईपर्यंत पिस्टन चढत नाही. दगडाची बारीक पूड नुसत्या पेट्रोलनं निघत नाही, आणि ती राहिली तर नव्या रिंगा ती घासून संपवते. एअर फिल्टर खराब असेल तर आम्ही तो बदलायचा आग्रह धरतो. धूळ आत गेली की सगळी मेहनत तिथेच जाते.

बोअरचं माप, पिस्टनचं माप आणि मधली जागा हे तिन्ही आकडे लिहून गाडीबरोबर देतो. जुना पिस्टन आणि रिंगाही पिशवीत देतो. कागद जपून ठेवा, पुढे कुठेही काम केलंत तरी उपयोगी पडेल.

शंभर किलोमीटरच्या तपासणीची मजुरी इंजिनाच्या कामातच धरलेली आहे, तुम्ही फक्त ऑइलचे पैसे द्यायचे. त्या वेळी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघतो, हेडचे नट टॉर्क रेंचनं तपासतो, कुठे ओलं दिसतं का ते पाहतो. ऑइल गरम असताना पूर्ण निथळतं, आणि टॅपेट मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजता येतात. म्हणून शक्यतो संध्याकाळी चालवत गाडी आणा आणि रात्रभर ठेवा. आल्या आल्या ऑइल काढतो, आणि सकाळी दुकान उघडलं की पहिली तीच गाडी हातात घेतो.