डोंगराखालच्या दालनाचं छत काँक्रीट पेलतं?

जमिनीखालच्या प्रयोगशाळांचे फोटो फिरले की एक वाक्य हमखास येतं: ‘वरचा अख्खा डोंगर काँक्रीटच्या भिंतींनी तोलून धरलाय.’ तसं नाही. डोंगर तोलायला डोंगरच लागतो.

जपानमधल्या हायपर-कामिओकांडेचं उदाहरण घ्या. न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण टिपण्यासाठी जमिनीखाली सुमारे ६०० मीटरवर खोदलेलं हे दालन ६९ मीटर रुंद आणि ९४ मीटर उंच. मधे एकही खांब नाही! आधी वरचा घुमट कोरला, तो २०२३ मध्ये पूर्ण झाला; मग टप्प्याटप्प्यानं खाली उतरत २०२५ मध्ये खोदकाम संपलं. घुमटाकारामुळे कमानीतल्या दगडांसारखा कातळ एकमेकांवर दाबून बसतो. सुरुंगानं सैल झालेला थर आतल्या पक्क्या खडकाला बांधतात पोलादी बोल्ट आणि ताणून बसवलेले लांब केबल-अँकर. फवारलेलं काँक्रीट म्हणजे शॉटक्रीट. त्याचं काम पृष्ठभागाचे सुटे तुकडे अडवण्याचं. डोंगराचं वजन पेलणं त्याच्या आवाक्यातलंच नाही.

खरी मेख मोजमापात आहे. खोदताना कातळ मिलिमीटरांनी आत सरकतो, उपकरणं ते टिपत राहतात, आणि अंदाजापेक्षा जास्त सरकला की अँकरांची आखणी बदलते.