कार्ड खरे आहे, पण ते खरोखर इथेच आहे का?

कॉन्टॅक्टलेस कार्डात बॅटरी नसते. पैसे घेणारे यंत्र आपल्याभोवती 13.56 मेगाहर्ट्झ वारंवारतेने बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. कार्ड काही सेंटिमीटर अंतरावर आले की त्यातील तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि तेवढ्या विजेवर चिप जागी होऊन गणित करू लागते. सुमारे अर्ध्या सेकंदात आटोपणाऱ्या या संवादात कार्डाला आपला खरेपणा सिद्ध करायचा असतो.

हे काम ते उत्तम करते. जुन्या चुंबकीय पट्टीवरील माहिती कायम तीच असे, त्यामुळे ती एकदा वाचली की कार्डाची नक्कल तयार होई. चिपला मात्र यंत्र प्रत्येक वेळी व्यवहाराची रक्कम, तारीख आणि त्याच क्षणी निवडलेली एक यादृच्छिक संख्या पाठवते. चिप त्यात स्वतःच्या व्यवहारांचा क्रमांक मिळवते आणि कधीही बाहेर न येणाऱ्या गुप्त किल्लीने एक सांकेतिक उत्तर तयार करते. तेच गणित बँक आपल्या बाजूला करून दोन्ही उत्तरे ताडून पाहते. यामुळे एखाद्याने हा संवाद चोरून ऐकला, तरी ते उत्तर त्याला पुढच्या व्यवहारात वापरता येत नाही.

परंतु या सगळ्या गणितातून कार्ड खरे असल्याचे आणि उत्तर ताजे असल्याचे तेवढे कळते. कार्ड यंत्राच्या जवळ आहे का आणि पैसे देण्याची मालकाची इच्छा आहे का, हे दोन प्रश्न उरतातच. माझ्या दृष्टीने कॉन्टॅक्टलेस सुरक्षेतील खरी अडचण सांकेतिक भाषेच्या मजबुतीत नसून या दोन प्रश्नांत आहे.

पहिल्या प्रश्नाचा गैरफायदा घेणाऱ्या हल्ल्यात काहीच फोडावे लागत नाही. एक जण आपले उपकरण गर्दीत कोणाच्या तरी खिशाजवळ नेतो, त्याचा साथीदार दुसरे उपकरण दूरच्या यंत्रावर टेकवतो आणि दोघे मिळून यंत्राचे प्रश्न कार्डाकडे व कार्डाची उत्तरे यंत्राकडे जशीच्या तशी पोहोचवतात. केंब्रिज विद्यापीठातील गेरहार्ड हँके यांनी 2005 मध्ये अशी जोडणी सुमारे 50 मीटर अंतरावरून प्रत्यक्ष करून दाखवली. हे शक्य होते, कारण या कार्डांचे मूळ मानक, आयएसओ 14443, कार्डाला उत्तरासाठी जवळजवळ 5 सेकंदांपर्यंत सवलत मागू देते. तेवढ्या वेळात रेडिओ संदेश चंद्रावर जाऊन परत येऊ शकतो!

म्हणून उपाय घड्याळात शोधावा लागला. कोणताही संदेश प्रकाशापेक्षा वेगाने जाऊ शकत नाही. त्यामुळे प्रश्न आणि उत्तर यांमधील वेळ अचूक मोजल्यास समोरचा जास्तीत जास्त किती दूर असू शकेल, हे सांगता येते. स्टीफन ब्रँड्स आणि डेव्हिड चॉम यांनी 1993 मध्ये ही कल्पना नीट मांडली. मात्र ती कार्डात उतरवणे कठीण आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे 30 सेंटिमीटर जातो, आणि कार्डाला यंत्राकडून मिळणाऱ्या लहरीचे एक आवर्तनच सुमारे 74 नॅनोसेकंदांचे असते. तेवढ्यात प्रकाश 22 मीटर पुढे गेलेला असतो. म्हणूनच मास्टरकार्डच्या कॉन्टॅक्टलेस नियमावलीत व्यवहार्य तडजोड केलेली आहे. तिच्यानुसार कार्ड आणि यंत्र एकमेकांना यादृच्छिक संख्या पाठवतात, त्यासाठी लागलेला वेळ यंत्र मोजते, आणि आपल्याला किती वेळ लागायला हवा हे कार्ड डिजिटल स्वाक्षरीसह, म्हणजे वाटेत केलेला बदल उघड करणाऱ्या सांकेतिक शिक्क्यासह, कळवते. नेहमीच्या मोबाइल फोनांमार्फत केलेला हल्ला संदेश हाताळण्यातच बरेच मिलिसेकंद गमावतो, त्यामुळे तो पकडला जातो. खास बनवलेल्या अतिवेगवान उपकरणापुढे मात्र ही मोजणी अपुरी पडू शकते.

दुसरा प्रश्न इच्छेचा. ठरावीक रकमेपर्यंत पिन न मागण्याची सोय बहुतेक ठिकाणी आहे, आणि तीच मर्यादा चोरीचे नुकसानही आवरते. 2020 मध्ये झुरिक येथील ईटीएच विद्यापीठाच्या संशोधकांनी ही मर्यादाही ओलांडून दाखवली. त्यांनी ईएमव्ही, म्हणजे चिप असलेल्या कार्डांच्या व्यवहारांसाठीच्या जागतिक मानकाचे गणिती प्रारूप तयार करून संगणकाकडून तपासून घेतले, तेव्हा व्हिसाच्या कॉन्टॅक्टलेस पद्धतीत एक त्रुटी आढळली. मालकाची ओळख फोनवर आधीच पटलेली आहे, असे यंत्राला सांगणारी माहिती स्वाक्षरीने बांधलेली नव्हती. वाटेत ती बदलली की मोठ्या रकमेलाही यंत्र पिन मागत नसे. दोष किल्लीचा नव्हता. एक महत्त्वाचे वाक्य स्वाक्षरीबाहेर राहिले होते, इतकेच.

इच्छा सिद्ध करण्याचा मला सर्वांत आश्वासक वाटणारा मार्ग म्हणजे बोटाचा ठसा ओळखणारे कार्ड. ठशाचा नमुना चिपमध्येच राहतो, पडताळणीही तिथेच होते, आणि त्यासाठीची वीजही यंत्राच्या क्षेत्रातूनच मिळते. बोट ठेवले नसेल, तर खिशातील कार्ड परक्या उपकरणाला मोठ्या रकमेसाठी होकार देत नाही.

ईएमव्ही मानक सांभाळणाऱ्या ईएमव्हीको या संस्थेने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नव्या नियमावलीत लंबवर्तुळी वक्र या गणिती रचनेवर आधारित सांकेतिक पद्धत आहे, तसेच कार्ड आणि यंत्र यांच्यात सुरक्षित वाहिनीही आहे, जेणेकरून आज एनएफसी (जवळच्या अंतरावरील बिनतारी संवाद) असलेल्या कोणत्याही फोनला उघड वाचता येणारा कार्ड क्रमांक झाकला जाईल. तरीही नव्या कार्डाला वर्षानुवर्षे जुन्या यंत्रांशीही बोलावे लागणार आहे, आणि हल्लेखोर स्वतःला जुने यंत्र म्हणवून घेऊ शकतो. त्यामुळे नवी पद्धत वापरू शकणाऱ्या कार्डाने जुन्या वाटेने केलेला प्रत्येक व्यवहार बँकेच्या संगणकाने वेगळा काढून अधिक बारकाईने तपासावा, असे मला वाटते.