मार्गारेट (स्त्रीनाम)

मार्गारेट म्हणजे मोती. इंग्रजीत हे नाव जुन्या फ्रेंचमधून आलं, फ्रेंचमध्ये लॅटिन 'मार्गारिता'वरून आणि लॅटिनमध्ये ग्रीक 'मार्गारितेस'वरून, इथपर्यंत कोणाचा वाद नाही. वाद आहे तो ग्रीकच्या मागचा, कारण हा शब्द मुळात ग्रीकांचा नाहीच, मोत्यांच्या व्यापाराबरोबर तो पूर्वेकडून तिकडे गेला असं बहुतेक सगळेच मानतात. पूर्वेकडून म्हणजे नक्की कुठून, हाच प्रश्न.

इ.स.पू. ४थ्या शतकाच्या सुमारास थिओफ्रास्टस या ग्रीक विद्वानाने दगडांवर लिहिताना मार्गारितेसबद्दल सांगितलंय की हा शिंपल्यात होतो, महागड्या माळांसाठी वापरतात आणि भारतात व तांबड्या समुद्रातल्या काही बेटांवर मिळतो (तेव्हाच्या 'तांबड्या समुद्रात' आपला अरबी समुद्र आणि इराणचं आखातही धरायचे). पुढे इ.स. २ऱ्या शतकातला ग्रीक इतिहासकार एरियन तर सरळ म्हणतो की हे नाव भारतीयांच्या भाषेतलं आहे. भारताबद्दलच्या त्याच्या लिखाणाला मेगास्थेनिसचा (चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारातला ग्रीक वकील) आधार आहे त्यामुळे ही साक्ष सहज बाजूला टाकता येत नाही, पण कुठली भारतीय भाषा हे तो सांगत नाही.

इथूनच आपल्या मंजिरीचा विषय निघतो. काही जुन्या अभ्यासकांनी मार्गारितेसचा संबंध संस्कृत 'मञ्जरी'शी जोडला, कारण कोशांत मञ्जरीचा एक अर्थ मोती असाही दिलाय. वाचायला फार छान वाटतं, मंजिरी आणि मार्गारेट एकच! पण अडचणी आहेत. 'ञ्ज'चा 'र्ग' कसा झाला हे नीट समजावता येत नाही, आणि संस्कृत साहित्यात मोत्याला नेहमीचे शब्द मुक्ता, मौक्तिक (आपला मोती त्यातूनच आला), मञ्जरी म्हटलं की डोळ्यासमोर येतो फुलांचा तुरा. तुळशीची वाळलेली मंजिरी तळहातावर चोळून बघा, बारीक तपकिरी बिया पडतात, त्यात मोती दिसायला बरीच कल्पना लढवावी लागते.

त्यामुळे आता कल इराणी मुळाकडे जास्त आहे, आणि तोच पटण्यासारखा आहे. मध्य पर्शियनमध्ये मोत्याला 'मोरवारीद', आजच्या फारसीतही तेच आणि मुलींचं नाव म्हणूनही ते ठेवतात. इराणी भाषांचे अभ्यासक इल्या गेर्शेविच यांनी याच्या मागचं जुनं इराणी रूप 'पक्ष्याच्या कवचातून जन्मलेला' अशा अर्थाचं मांडलंय, म्हणजे शिंपला हे जणू अंडं. हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अंदाजाने बांधलेलं आहे, तरी ध्वनींचा हिशेब मञ्जरीपेक्षा इथे चांगला लागतो. सिरियाक (पश्चिम आशियातली जुनी भाषा) 'मार्गानीता' आणि हिब्रू 'मार्गालीत' ही रूपं याच गोतावळ्यातली, मार्गालीत हे इस्रायलमध्ये मुलीचं नाव आहे.

नाव युरोपभर पसरलं ते अँटिओकच्या संत मार्गारेटमुळे. ती ४थ्या शतकाच्या सुरुवातीला हुतात्मा झाली अशी परंपरा आहे, ऐतिहासिक पुरावा मात्र फार कमी, १९६९ मध्ये कॅथलिक चर्चने तिला सार्वत्रिक दिनदर्शिकेतून काढलं. कथेत ड्रॅगन तिला गिळतो आणि ती त्याच्या पोटातून सुखरूप बाहेर येते, म्हणून बाळंतपणात बायका तिचा धावा करायच्या, आणि घरोघरी हे नाव रुजण्यात याचा मोठा हात असावा. गंमत म्हणजे ग्रीक चर्चमध्ये हीच संत मरीना म्हणून ओळखली जाते, म्हणजे ग्रीक शब्द लॅटिनवाल्यांनी सांभाळला आणि ग्रीकांनी लॅटिन नाव घेतलं.

रूपं भरपूर. फ्रेंच मार्गरीत आणि मार्गो, इटालियन मार्गेरिता, स्पॅनिश व रशियन मार्गारिता, हंगेरियन मार्गित, चेक मार्केता, पोलिश माऊगोझाता (लाडाने गोशा). लोकांनी नाव कुठून तोडलं ते बघण्यासारखं आहे: जर्मन आणि स्वीडिश लोकांनी पुढचं कापून ग्रेटा, ग्रेटेल केलं, इटलीत फक्त शेपूट ठेवून रीटा, इंग्रजांनी डोकं ठेवून मेग, मॅगी, आणि मेगचंच पुढे पेग, पेगी. वेल्श मेगन पण इथलीच. फ्रेंचमध्ये मार्गरीत हे पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळा गोळा असलेल्या डेझीचंही नाव आहे म्हणून इंग्रजीत मार्गारेटला लाडाने डेझी म्हणतात, २०२४ मध्ये पायउतार झालेल्या डेन्मार्कच्या राणी दुसऱ्या मार्ग्रेथे यांचं घरचं नाव हेच.

मार्गारिन (लोण्याऐवजी वापरतात ते) हा शब्दही मोत्याचाच, शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने चरबीतल्या मोत्यासारखी चमक असलेल्या पदार्थाला १८१३ च्या सुमारास मार्गारिक आम्ल म्हटलं, त्यावरून आलेला. मार्गेरिता पिझ्झाचं नाव मात्र इटलीच्या राणी मार्गेरितावरून पडलं म्हणतात, १८८९ मध्ये नेपल्सला तो तिच्यासाठी बनवला ही गोष्ट प्रसिद्ध आहे पण इतिहासकार ती जशीच्या तशी मानत नाहीत.

आपल्याकडे पोर्तुगीज रूप मार्गारिदा गोव्यातल्या ख्रिस्ती घरांमधून येतं. रीटा जास्त ओळखीचं, १९६६ ची मिस वर्ल्ड रीटा फारिया मूळ गोव्याच्या घरातली, जन्म मुंबईचा. रीटा आणि ऋता ऐकायला जवळ वाटतात पण नातं काही नाही, ऋता 'ऋत'वरून. भगिनी निवेदिता यांचं आधीचं नाव मार्गारेट नोबल, ते १८९८ मध्ये बदललं. मोत्यावरून ठेवलेलं मराठी नाव शोधायचं तर मुक्ता, त्यात 'मोकळी झालेली' हा अर्थही बसतो, आणि मुक्ताबाईंच्या नावात वारकरी दोन्ही ऐकतात.