स्पॅनिशचं ‘जाणं’: एका क्रियापदातली तीन मुळं

स्पॅनिश शिकायला लागलं की ‘इर’ या क्रियापदाशी लगेच गाठ पडते. इर म्हणजे जाणे. मी जातो ‘बोय’, मी जात असे ‘इबा’, मी गेलो ‘फुई’, मी जाईन ‘इरे’. ही चारही रूपं एकाच क्रियापदाची आहेत हे कानाला पटत नाही. (‘बोय’ लिहिताना सुरुवातीला व्ही असतो, पण स्पॅनिशमध्ये त्याचा उच्चार ब सारखाच होतो. इथे सगळी रूपं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.)

पाठ्यपुस्तकं बहुधा ‘अनियमित’ एवढंच सांगून तक्ता पुढे ठेवतात. साधे काळ आणि अर्थ (व्याकरणातले, आज्ञार्थ-विध्यर्थासारखे) मिळून नऊ ओळी, प्रत्येकीत सहा रूपं, म्हणजे 54. ती घोकत बसणं मला पटत नाही. इरची रूपं विचित्र दिसली तरी ती कुठून आली हे माहीत आहे, आणि ते कळलं की पाठांतराचं ओझं निम्मं उतरतं.

लॅटिनमधली तीन वेगळी क्रियापदं इरमध्ये एकत्र आली आहेत. ‘ईरे’ म्हणजे जाणे, त्यातून इबा, इरे ही रूपं आली. ‘वादेरे’ हेही जाण्याचंच क्रियापद, त्यातून वर्तमानकाळ आला: बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान. तिसरं ‘एस्से’, म्हणजे असणे, आणि त्याचा भूतकाळ होता ‘फुई’. ‘असणे’ इथे कसं शिरलं? एखादा माणूस तिथे होता म्हणजे तो तिथे गेला होता, इतकं ते सरळ आहे. म्हणून आज स्पॅनिशमध्ये ‘असणे’ आणि ‘जाणे’ यांचा साधा भूतकाळ अक्षरशः एकच आहे. ‘फुई मेदिको’ म्हणजे मी डॉक्टर होतो, ‘फुई आ सेबिया’ म्हणजे मी सेव्हिलला गेलो. संदर्भामुळे गोंधळ सहसा होत नाही.

मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपण ‘जातो’ म्हणतो आणि ‘गेलो’ म्हणतो. पहिलं रूप संस्कृत ‘या’ धातूकडून आलं, दुसरं ‘गम्’कडून. इंग्रजीतही गो आणि वेंट मुळात निराळी क्रियापदं होती. आपल्या भाषेतली ही जोडणी आपल्याला कधी खुपत नाही, कारण ती रोज शेकडो वेळा कानावर पडते.

अनियमितपणा टिकतो तोही याच कारणाने. हार्वर्डच्या एरेझ लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये ‘नेचर’मध्ये इंग्रजी क्रियापदांचा हिशेब मांडला. जुन्या इंग्रजीतल्या 177 अनियमित क्रियापदांपैकी आज 98 अनियमित उरली आहेत. बाकीची नियमाला शरण गेली. एखादं क्रियापद दुसऱ्यापेक्षा शंभरपट कमी वापरलं जात असेल, तर ते दहापट वेगाने नियमित होतं. म्हणजे स्मरणात पक्कं बसलेलं रूप नियमाला दाद देत नाही, क्वचित आठवावं लागणारं रूप मात्र त्याच्यापुढे टिकत नाही. स्पॅनिश बोलणारी लहान मुलं ‘मला माहीत आहे’साठी ‘से’ऐवजी ‘साबो’ म्हणतात, तेव्हा नियमाची हीच ओढ दिसते. मोठी माणसंही त्यातून सुटलेली नाहीत. बाकी जवळजवळ सगळ्या काळांत ‘तू’चं रूप स ने संपतं, म्हणून ‘फुइस्ते’ला (तू गेलास) स जोडून ‘फुइस्तेस’ म्हणणारे पुष्कळ आहेत. व्याकरणाला ते मान्य नाही.

भविष्यकाळ तर फार देखणा आहे. मूळ रूपाला ‘आबेर’ या साहाय्यक क्रियापदाचा वर्तमानकाळ चिकटला: इर आणि ए मिळून इरे, इर आणि आस मिळून इरास, इर आणि आ मिळून इरा. व्याकरणकार अंतोनियो दे नेब्रिखाने 1492 च्या आपल्या व्याकरणातच ही फोड दाखवली होती. एकदा ती दिसली की सहा रूपं घोकायची गरजच उरत नाही.

मग येतात ‘अर्थ’. मराठी व्याकरणातले स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ शाळेत शिकलो ते इथे कामी येतात. ‘त्याने जावं अशी माझी इच्छा आहे’ हे स्पॅनिशमध्ये ‘किएरो के बाया’. हे ‘बाया’ सबजंक्टिव्हचं, म्हणजे इच्छा किंवा अजून न घडलेली गोष्ट सांगणाऱ्या अर्थाचं रूप, आपल्या ‘जावं’च्या अगदी जवळचं. पण ‘तो जाईल तेव्हा’ म्हणताना आपण भविष्यकाळ वापरतो, स्पॅनिश मात्र ‘कुआंदो बाया’ म्हणते, कारण ते जाणं अजून घडलेलं नाही. खरी अडचण होते ती इथे. आणखी एक भेद लक्षात ठेवावा. आपलं ‘गेलो असतो’ दोन कामं करतं. स्पॅनिशमध्ये आत्ता शक्य असतं तर ‘इरीआ’, आणि संधी निघून गेली असेल तर ‘आब्रीआ इदो’.

‘जर’च्या वाक्यात लागणारं ‘फुएरा’ वेगळं शिकावं लागत नाही. भूतकाळाचं ‘ते गेले’ हे रूप घ्यायचं, फुएरोन, शेवटचं रोन काढायचं आणि रा लावायचा. स्पॅनिशच्या प्रत्येक क्रियापदाला हा नियम लागू पडतो.

सरावाची पद्धतही महत्त्वाची आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगांत मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर स्वतःची परीक्षा घेणारे पुढे होते. तेव्हा तक्ता झाकावा, ‘ते जात असत’ म्हणावं आणि ‘इबान’ स्वतः आठवून काढावं.

आज्ञार्थ अजूनही पुरता स्थिरावलेला नाही. स्पेनमध्ये एकाहून अधिक जणांना ‘निघा’ म्हणताना शिष्टसंमत रूप होतं ‘इदोस’, लोक म्हणत ‘इरोस’. 2017 मध्ये स्पॅनिश भाषेच्या शाही अकादमीने ‘इरोस’ही मान्य केलं. आर्जेन्टिनात ‘तू’साठी ‘बोस’ वापरतात, आणि त्याच्याबरोबर चालणारा इरचा आज्ञार्थ अस्तित्वातच नाही. तिथे ‘आंदार’, म्हणजे चालणे, या चौथ्या क्रियापदाचं ‘आंदा’ उसनं घेतात. माद्रिदमध्ये ‘जा’ म्हणायचं असेल तर ‘बे’ शिकावं, ब्युनोस आयरेसला जाणाऱ्याने ‘आंदा’.